पत्रिकेतल्या पदव्या

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आई आत्ता झोपली. सबटायटल वाचत इंग्रजी पिक्चर ती शेवटपर्यंत जागून बघेल असं वाटलं नव्हतं.

सुचवला होता चिऊनेच, ह्यूस्टनहून. "आत्या, आजीला 'गेस हूज कमिंग टू डिनर' दाखव. काय म्हणते ते मला सांग." 1967 चा, स्टॅन्ली क्रेमरचा. सॅन फ्रान्सिस्कोतली गोरी मुलगी कृष्णवर्णीय डॉक्टरला घरी घेऊन येते आणि आईबापांनी रात्रीपर्यंत हो की नाही ते सांगायचं. बाप वर्तमानपत्राचा मालक, जन्मभर समतेच्या बाजूने लिहिलेला. आई पहिल्या अर्ध्या तासातच म्हणाली, "अगं, हा तर आपला दादा!"

दादा पेपर काढत नाही, पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सुधारणांवर भाषणं देतो. 1906 चं सक्तीचं शिक्षण वगैरे त्याला तोंडपाठ. आणि लेकीने, चिऊने, लग्न करायचंय त्या मुलाबद्दल सांगितलं त्या दिवशी "बघू" म्हणून झोपाळ्यावर जाऊन बसला. पाय जमिनीलाच टेकलेले. कडीसुद्धा वाजली नाही. ना आवाज चढला, ना ताट सरकवलं. दीड महिना घरात सगळे एकमेकांना फक्त "भात वाढू का?" विचारत होते. पिक्चरमध्ये कशी माणसं समोरासमोर बसून भांडतात! मुलाचा बापही येतो, तोही तितकाच विरोधात. घरातली कृष्णवर्णीय मोलकरीण तर सगळ्यांत जास्त चिडलेली. मला हेवा वाटला त्या घराचा.

शेवटी बाप सगळ्यांना बसवून लांबलचक बोलतो. तो स्पेन्सर ट्रेसी तेव्हा खरोखरच आजारी होता, शूटिंग संपल्यावर सतराव्या दिवशी, 10 जूनला, गेला. आणि 12 जूनला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशा लग्नांवर बंदी घालणारे कायदे रद्द केले. तोवर सोळा राज्यांत ते चालू होते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "दोन दिवस थांबला असता बिचारा."

पण मला दुसरंच काहीतरी खटकत राहिलं. तो डॉक्टर किती गुणी! आरोग्य संघटनेत काम केलेला, नम्र, वर आईबाप नको म्हणाले तर लग्न करणार नाही म्हणणारा. क्रेमरने तसा तो मुद्दामच केला, म्हणजे नकाराला रंगाशिवाय दुसरं कारणच उरू नये. युक्ती चांगली आहे. पण मग साधा, कर्ज असलेला, थोडा तिरसट मुलगा असता तर?

तसा आहे 'मिसिसिपी मसाला'मध्ये. मीरा नायरचा, 1991 चा. तो मी गेल्या आठवड्यात एकटीने बघितला. 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेलं गुजराती कुटुंब मिसिसिपीत मोटेलच्या आधाराने राहतंय, आणि त्यांची मुलगी गालिचे साफ करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाच्या प्रेमात पडते. मोटेलवाले नातेवाईक आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घराचे आहेत, त्यामुळे ती माणसं मला परकी वाटलीच नाहीत. एका ठिकाणी तो मुलगा तिच्या बापाला ऐकवतो, तुमचा रंग माझ्याहून दोन-चार छटाच तर उजळ आहे. मी तिथे थांबवून पाणी प्यायला उठले.

कारण त्याच्या दोनच दिवस आधी पुण्याच्या मावशीचा फोन आला होता. तिने सरळ विचारलं, "काळा आहे का गं?" आणि मी म्हटलं, "सिव्हिल इंजिनिअर आहे, मावशी." वर आणखी, एमएस केलंय, आई नर्स आहे, स्वतःचं घर आहे. मावशी गप्प झाली आणि मला जिंकल्यासारखं वाटलं! तिने विचारलं काय, मी सांगितलं काय.

बडोद्याला हे नवं नाही म्हणा. सयाजीरावांच्या लेकीनेच, इंदिराराजेंनी, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न पत्र लिहून मोडलं होतं. मग 1913 मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लंडनमध्ये लग्न केलं आणि आईवडील त्याला गेले नाहीत. एवढे सुधारक महाराज, पण घरच्या लेकीपाशी अडले. दादाच्या भाषणात हा भाग कधी ऐकल्याचं आठवत नाही. आईला मात्र तो फार आवडतो. "तेव्हा पत्र होतं, आता व्हॉट्सअ‍ॅप," असं त्या दीड महिन्यात एकदा तीच म्हणाली होती. घरात पहिल्यांदा कुणी हसलं ते तेव्हा.

दादा गेल्या सोमवारी "करा" म्हणाला. कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आज संध्याकाळी रावपुऱ्यातल्या प्रेसमधून पत्रिकेचा मसुदा घेऊन आला. मुलाच्या नावापुढे कंसात बी.एस., एम.एस., आणि खाली नोकरीचा हुद्दा. चिऊच्या नावापुढे काही नाही, तिची पीएचडी असून! दादा म्हणाला, "मुलीचं कोण बघतं? त्याचं लोक वाचतील ने." हा गुजराती 'ने' त्याला फक्त अडचणीत असताना लागतो.

चिऊला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "आत्या, पदव्या काढ. नुसतं नाव ठेव."

आईला वाचून दाखवलं, तर ती चष्मा पुसत म्हणाली, "राहू देत. दादाला तेवढाच आधार."

नावातली एक वेलांटी चुकली होती, ती मी लाल पेनाने दुरुस्त केली. कंसापाशी पेन टेकवून बराच वेळ बसले. प्रेसवाला सकाळी अकराला उघडतो.