आमची वाटचाल : क्रेनच्या रिमोटपासून आगीच्या रिमोटपर्यंत

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात पूर्वी ईओटी क्रेनचे (कारखान्यात छताखालून फिरणाऱ्या विजेवरच्या क्रेनचे) पॅनल बनायचे आणि रिमोट दुरुस्त व्हायचे. आगीशी आमचा संबंध सोल्डरिंगपुरताच.

एका जुन्या गिऱ्हाइकाकडचे सेफ्टी ऑफिसर एकदा क्रेनच्या कामासाठी आले आणि चहा घेता घेता रडगाणं सांगू लागले. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला, म्हणून त्या तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात कामगारांना एक्स्टिंग्विशर चालवायला शिकवायचं म्हणजे पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून पेटवायचं. काळा धूर, शेजारच्या कंपनीची तक्रार, आणि विझली की परत काठीला बोळा बांधून कुणीतरी पुढे व्हायचं. "तुमच्या रिमोटनं आग लागेल का हो?" त्यांनी सहज विचारलं.

लागते. ट्रेमध्ये पाणी, पाण्याखाली भोकं पाडलेला पाइप, १९ किलोच्या सिलिंडरमधून एलपीजी आणि मध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा. आधी पायलट, म्हणजे छोटी ज्योत, पेटते, सेन्सरला ज्योत दिसली तरच मुख्य व्हॉल्व्ह उघडतो. हा क्रम सोडायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, न जळता सुटला तर जमिनीलगत साचून राहतो. एवढं आम्ही पहिल्याच युनिटमध्ये नीट केलं होतं.

चुकलो ते वेगळ्याच जागी. आमच्या रिमोटला दोन बटणं होती, 'चालू' आणि 'बंद', प्रत्येकाचा एकेक सिग्नल. गाळ्यात शंभरदा चालवून बघितलं. साइटवर प्रशिक्षक पाण्याच्या टँकरआड उभे राहिले, 'बंद' दाबलं आणि आग तशीच. मध्ये टँकरचं लोखंडी धूड! मीच पळत जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवला. कुणाला काही झालं नाही. पण परतीच्या वाटेवर टेम्पोत आम्ही तिघं एक शब्द बोललो नाही.

आता 'बंद'चा सिग्नल पोचायची वाटच बघत नाही. बटण दाबून धरलंय तोवर रिमोट एकसारखं 'मी आहे, मी आहे' सांगत राहतो. अर्धा सेकंद ते ऐकू आलं नाही की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. वीज गेली तरी मिटतो. रिमोट हातातून पडला तरी मिटतो.

मग उलटी तक्रार सुरू झाली. आग मध्येच विझते आणि शिकाऊ पोराला वाटतं आपणच विझवली! आठवडाभर सर्किट उसवून बसलो. दोष सर्किटात नव्हताच. प्रशिक्षक रिमोट पाठीमागे धरायचे, कारण बटणावरचं बोट पोरांना दिसता कामा नये, आणि सिग्नल त्यांच्या अंगानंच अडायचा. अँटेना पॅनलवरून काढून बांबूएवढ्या खांबावर चढवली, तेव्हा हा त्रास थांबला. हातमोजे घालून दाबता यावं म्हणून बटणंही दुप्पट मोठी केली. काळा रिमोट गवतात हरवायचा, तो केशरी केला.

प्रशिक्षकांचं आवडतं बटण मात्र वेगळंच आहे. आग विझली असं समजून पोरगं पाठ फिरवतं, तेव्हा ते ती परत पेटवतात. विझलेल्या आगीकडे पाठ करायची नाही, हे तोंडी सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही म्हणे.

हल्ली पोरं हुशार झाली आहेत. व्हॉल्व्हचा 'टक्' आवाज आला की ती आधीच वळतात. व्हॉल्व्ह लांब नेला तर पाइपातला उरलेला गॅस जळत राहतो, म्हणून तो जवळच हवा. शेवटी आम्ही पॅनलमध्ये एक रिकामा रिले, म्हणजे टक् आवाज करणारा विजेवरचा स्विच, बसवला. त्याला काही काम नाही, मधूनमधून उगाच टक् टक् करत राहतो.