भांडणं होत नाहीत का?

आम्ही चार बिऱ्हाडं एकत्र स्वयंपाक करतो हे कळलं, की पाहुणे आधी चहा घेतात आणि मग हळूच विचारतात, "पण भांडणं होत नाहीत का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. होतात. मागच्या आठवड्यात ओली कोथिंबीर तशीच फ्रिजमध्ये कोंबण्यावरून झालं.

आम्ही नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत आखली, तेव्हा सात-सात घरांना मिळून एक अंगण दिलं, साधारण ८ मीटर लांब-रुंद. घराघरांत भिंत मात्र सामाईक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न दुखावता घर वाढवता यावं. लोकांनी इतकी वाढवली की आता मूळ घर शोधावं लागतं. आमच्या अंगणातल्या चौघांनी फक्त चूल एक केली.

पैशांचं सोपं आहे. एक तारखेला माणशी वर्गणी, मुलांची अर्धी. वॉशिंग मशीन एक, घरघंटी एक, गाडी एक.

घोळ झाला तो कामांचा. अमेरिकेत व्हर्जिनियात ट्विन ओक्स नावाची, सगळं मिळून करणाऱ्या लोकांची वसाहत १९६७ पासून चालू आहे. तिथे कामाचा हिशेब तासांवर, आणि काम कुठलंही असो, तास सारखाच. म्हटलं, आपणही करू. वही आणली, रकाने आखले. कामचुकार माणूस वहीत लगेच सापडला (माझाच नवरा निघाला) आणि त्याला बोलून मोकळंही होता आलं. पण गप्प बसून जास्त राबणारं माणूस वहीत येतच नाही, हे कळायला दोन वर्षं गेली.

एका रविवारी जेवताना कुणीतरी म्हणालं, "दही जरा आंबटच लागलंय." समोरच्या काकूंनी पातेलं ओट्यावर आपटलं. "दोन वर्षं रोज रात्री विरजण मी लावतेय. एकानं तरी विचारलं?"

खरंच नव्हतं विचारलं. दही आपोआप लागतं असंच आम्ही धरून चाललो होतो. त्या रात्री सगळ्यांना एकेक कागद दिला, वहीत न लिहिलेली कामं लिहायला. सिलिंडर नोंदवणं, कढीपत्त्याला पाणी, डाळ-तांदूळ संपत आल्याचं ध्यानात ठेवणं. चारही घरांतल्या पुरुषांचे कागद बऱ्यापैकी कोरे होते, आणि ते पाहून झालेलं भांडण विरजणाच्या भांडणापेक्षा मोठं होतं. ते इथे सांगत नाही.

विरजणाची पहिली पाळी आली माझ्या नवऱ्याकडे. त्यानं उकळत्या दुधात वाटीभर आंबट दही ओतलं. दोन लिटर दूध फाटलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पनीर भुर्जी खाल्ली. काकू त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. रात्री त्याला ओट्याशी बोलावलं, दुधात करंगळी बुडवायला लावली आणि म्हणाल्या, "हं. एवढं कोमट."