माझ्या कोपराच्या मापाचा स्टँड

लहानपणी मी पेटी शिकले ती सतरंजीवर मांडी घालून. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. पेटीच्या पट्ट्या हलक्या, बोट टेकवलं की स्वर येतो, त्यामुळे खांदा कुठे आहे, मनगट किती वाकलंय, हा विचार कधी करावाच लागला नाही. पन्नाशी उलटल्यावर पियानो शिकायचं मनावर घेतलं आणि कॅसिओचा ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड घरी आणला. त्याच्या पट्ट्या पियानोसारख्या वजनदार. प्रत्येक स्वराला थोडं वजन द्यावं लागतं आणि ते वजन बोटातून नाही, दंडापासून यायला हवं. खांदे वर चढलेले असतील तर ते येतच नाही. मग बोटं आणि मनगट ते काम करू पाहतात आणि दुखायला लागतात.

सुरुवातीला कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला. टेबल अडीच फुटांचं, म्हणजे साधारण ७५ सेमी. त्यावर कीबोर्डाची स्वतःची उंची. पट्ट्या ८३ सेमीवर गेल्या. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७३ सेमीवर असतात, हे मला नंतर कळलं. महिनाभरात उजव्या खांद्यातून मानेपर्यंत कळ जायला लागली. मग बाजारातला कात्रीसारखा लोखंडी स्टँड आणला. त्याचे तिरपे पाय नेमके गुडघ्यांपाशी येतात. तो खाली घेतला की पाय पसरतात आणि आणखी आड येतात, वर घेतला की डुलतो. डाव्या हातानं जोरात स्वर दिला की सगळा कीबोर्ड हलायचा आणि पुढचा स्वर चुकायचा.

तेव्हा ठरवलं की लाकडाचा करून घ्यायचा. पण सुताराला बोलावण्याआधी उंची मला सापडायला हवी होती. याच टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवला हे फार बरं झालं.

माझी उंची पाच फूट. स्टुलावर ताठ बसून, दंड सैल सोडून, यजमानांकडून मापं घेतली. बैठकीपासून कोपर २२ सेमी वर. मांडीची जाडी १२ सेमी. म्हणजे मांडीच्या वर आणि कोपराच्या खाली जागा किती, तर फक्त १० सेमी. माझ्या कीबोर्डाच्या तळापासून पांढऱ्या पट्टीच्या माथ्यापर्यंत ८ सेमी भरले. उरले २. हे दोन सेंटिमीटर मी वहीत तीनदा अधोरेखित केले. कारण टेबल म्हटलं की वर फळी आली, फळीखाली पुढून पट्टी आली, आणि एवढ्यातच चार-पाच इंच जातात. स्टूल उंच केलं तर कोपर वर जातं, पण मांडीही तेवढीच वर जाते. ती १० सेमीची फट काही वाढत नाही. म्हणून माझ्या मांड्यांच्या वर लाकूड अजिबात नको, हे पहिल्यांदा पक्कं झालं.

मग प्रयोग. दोन टीपॉय, त्यांवर जुन्या दिवाळी अंकांच्या चळती आणि त्यांवर कीबोर्ड. एक अंक काढला की अर्धा-पाऊण सेंटिमीटर उंची कमी होते, याहून चांगलं साधन मला तरी सुचलं नसतं. एका उंचीवर तीन-चार दिवस, रोज पाऊण तास वाजवायचं आणि कुठे ताण आला ते लिहायचं. बसायला ४५ सेमीचं स्टूल आणि पट्ट्या ६६ सेमीवर, हे जमलं. कोपर पट्टीच्या किंचित वर, मनगट सरळ, खांदे खाली. स्टूल ४५ असल्यानं माझे पाय मात्र पुरते टेकेनात. पायांखाली पाट ठेवला आणि तेही सुटलं. मांड्या किंचित पुढे उतरत्या राहतात, त्यामुळे वर मिळालेली जागा आणखी मोकळी वाटते. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागातच बसायचं, हेही या दिवसांत अंगवळणी पडलं.

लाकडासाठी पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. नवं सागवान बघितलं, छान होतं. पण मिस्त्री म्हणाले, "ताई, एवढ्याशा कामाला जुनं सागवान घ्या. पाडलेल्या वाड्याचं. ते आता हलायचं नाही." म्हणजे त्यातला ओलावा केव्हाच गेलेला असतो, आता पिळणार नाही, तडकणार नाही. पेठांमधले वाडे पाडले की त्यांच्या तुळया आणि खांब असे विकायला येतात. आम्ही तुळईचा एक तुकडा निवडला. वरून काळपट, धुरकट, खिळ्यांच्या भोकांचा. मिस्त्रींनी आधी त्यावरून लोहचुंबक फिरवलं आणि आतले सात-आठ तुटके खिळे शोधून काढले, नाहीतर करवतीचे दात गेले असते. पहिला रंधा फिरल्यावर आतून जो सोनेरी तपकिरी रंग निघाला आणि जो वास सुटला, तो मी विसरणार नाही. कोणाच्या तरी घराचं छत इतकी वर्षं तोललेलं ते लाकूड होतं. सागवान रंध्याची धार लवकर घालवतं, त्यात वाळूसारखा सूक्ष्म अंश असतो. दिवसातून चार-पाच वेळा पातं घासायला मिस्त्री बसत होते.

मी दिलेलं माप ५८ सेमी, म्हणजे कीबोर्ड टेकेल ती उंची. मिस्त्रींच्या टेपात ते बावीस इंच सात सूत झालं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). "तेवीस करून टाकू का? एका सुतानं काय होतंय?" मी त्यांना स्टुलावर बसवलं, चळतीत एक जाडजूड दिवाळी अंक वाढवला आणि हात ठेवायला सांगितलं. मग अंक काढला. त्यांनी दोनदा हात ठेवून पाहिला, काही बोलले नाहीत आणि पेन्सिलीनं बावीस-सात लिहिलं.

रचना साधी आहे. दोन बाजूंना दोन चौकटी. प्रत्येकीत दोन पाय आणि त्यांवर पुढे-मागे जाणारा एक जाड आडवा हात. कीबोर्ड १३२ सेमी लांब, त्याचे रबरी पाय दोन टोकांजवळ. तो उताणा-पालथा करताना पट्ट्यांवर वजन येऊ नये म्हणून गादीवर पालथा घातला, तळावर सकाळचा पेपर अंथरला, रबरी पायांचे ठसे घेतले आणि त्या मापानं चौकटी बसवल्या. मधली जागा गुडघ्यांना पूर्ण मोकळी. चौकटी माझ्या मांड्यांच्या बाहेर असल्यानं त्यांचं लाकूड कितीही जाड चालतं.

पण पहिल्या जुळणीत मिस्त्रींनी सवयीनं पुढून एक पट्टी घातली, "जोर यायला". माझे गुडघे तिला लागले. ती काढली, तर स्टँड डावीकडे-उजवीकडे हलायला लागला. त्या संध्याकाळी मला खरंच वाईट वाटलं, कारण लोखंडी स्टँडचाच दोष इथे परत आला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच मार्ग काढला. दोन्ही चौकटींना मागून जोडणारी फळी आधी चार इंच रुंद होती, ती सात इंचांची केली. फळी जितकी रुंद तितकी ती चौकटींना तिरपं होऊ देत नाही. चौकटींना खाचा पाडून त्यांत तिची टोकं घट्ट बसवली. खाली मागच्या दोन पायांमध्येही एक आडवं लाकूड आलं. मग स्टँडला हात लावून हलवून बघितलं. जमिनीत रोवल्यासारखा उभा.

माझे पाय टेकायला पाच सेमी उंचीची फळी पुढे जोडून घेतली. तिच्यावरच स्वर लांबवायचं, पायानं दाबायचं पेडल बसतं. आमच्या फरशीवर पेडल वाजवता वाजवता पुढे सरकत जायचं आणि पाय त्याच्या मागे लांबत जायचा. आता फळीच्या पुढच्या कडेला बारीक पट्टी आहे, पेडल तिला टेकून राहतं.

पॉलिशला जवसाचं उकळलेलं तेल, फडक्यानं तीन हात. तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आम्ही ती पसरून वाळवली. कीबोर्डाचे रबरी पाय जिथे टेकतात तिथे तीन मिलिमीटर खोल गोल खळगे केले आणि ते कोरेच ठेवले, कारण रबर पॉलिशला चिकटून डाग पडतात. खळग्यांमुळे कीबोर्ड सरकतही नाही. वायरीसाठी मागच्या फळीत एक भोक. लाकूड आणि मजुरी धरून साडेनऊ हजार लागले.

हे सगळं जूनमध्ये झालं, नंतर पुण्याचा पावसाळा आला. रुंद फळी दमट हवेत रुंदीच्या दिशेनं फुगते, म्हणून मिस्त्रींनी तिचे स्क्रू लांबट भोकांत बसवले होते. सप्टेंबरपर्यंत कुठे फट पडली नाही की सांधा कुरकुरला नाही. खांद्याची कळ दोन महिन्यांत गेली. आता सव्वा तास सलग बसते. पूर्वी अर्ध्या तासात उठावं लागायचं.

गणपतीत भाची आली. साडेपाच फूट उंच, तीही वाजवते. तिला माझा स्टँड बुटका पडला, कोपरं पट्ट्यांपेक्षा फारच वर. मिस्त्रींना फोन केला. तुळईचा उरलेला तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. त्यातून चार ठोकळे करून दिले, प्रत्येकी पाच सेमीचे, वर खळगा असलेले, त्यात स्टँडचे पाय बसतात. भाची गेल्यावर ते पलंगाखाली ठेवलेत. दिवाळीला ती परत येणार आहे.