विकिपीडियावरचा ‘पेड’ लेख : माझा अनुभव

मी इंग्रजी विकिपीडियावर नवीन लेख तपासतो, न्यू पेज पेट्रोल म्हणतात त्याला, रात्री जेवणं झाली की तासभर, अर्थात फुकट. भारतातले उद्योजक, लाइफ कोच, ‘यंगेस्ट सीईओ’ वगैरे रांगेत आले की बरेच पेट्रोलर पुढे सरकतात कारण त्यात डोकेफोड फार, पण मी ते मुद्दाम घेतो, इथली पेपरं आपल्याला माहीत असतात ना, बातमी कुठली आणि पैसे देऊन छापलेला मजकूर कुठला ते दोन ओळींत कळतं.

तर हा लेख पुण्यातल्या एका उद्योजकावर होता. नाव सांगत नाही. लेख एकदम चकाचक, म्हणून आधी खात्याचा इतिहास उघडला. 2018 पासून इंग्रजी विकिपीडियावर थेट नवीन लेख टाकायचा तर खातं किमान 4 दिवस जुनं आणि 10 संपादनं झालेली लागतात. या खात्याने तेवढीच केलेली आणि ती पण कशी, एका क्रिकेटपटूच्या लेखात स्वल्पविराम घातला, पुढच्या संपादनात तोच काढला, परत घातला. मग काही दिवस शांतता आणि एकदम एका फटक्यात अख्खा लेख, इन्फोबॉक्स (बाजूची माहितीची चौकट), वर्ग, संदर्भांची रांग, सगळं जागच्या जागी. पहिला संदर्भ नीट लागेपर्यंत नवख्या माणसाचा कसा घाम निघतो हे धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, झटापट केलेल्या कुणालाही विचारा.

फोटो तर अजून भारी. स्टुडिओतला, मागे करडा पडदा, सूट, हाताची घडी, आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, ‘स्वतः काढलेला’ म्हणून चढवलेला. म्हणजे चढवणारा एकतर फोटोग्राफर, नाहीतर साहेबांनी फोटो त्याच्या हातात दिलेला, कसंही बघा ओळख आहेच.

मग संदर्भ एकेक करून उघडले. तीन वेगवेगळ्या वेबसाइट, परिच्छेद तोच, विशेषणं तीच, आणि त्याच्याच कंपनीच्या नावातली स्पेलिंगची चूकसुद्धा तिन्हीकडे तीच! तळाला बारीक अक्षरात, या मजकुराशी आमच्या संपादकीय विभागाचा संबंध नाही. आपल्याला यात नवल नाही, पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या समितीने 2010 मध्येच अहवाल दिलाय, आणि भारतीय माध्यमांतल्या अशा मजकुराबद्दल सावध राहा अशी सूचना इंग्रजी विकिपीडियावरही आहे. पण जर्मनीत बसलेल्या पेट्रोलरला हे कसं दिसणार, त्याला वीस संदर्भ दिसतात आणि तो ओके करून मोकळा होतो.

आता एक गोष्ट नवीन लोकांना पटत नाही, ती म्हणजे पैसे घेऊन लिहिणं इंग्रजी विकिपीडियावर सरसकट बंद नाहीये. जून 2014 पासून वापराच्या अटींत आहे की पैसे मिळत असतील तर कोणाकडून, कोणासाठी हे जाहीर करा, मग इथल्या संकेताप्रमाणे तुमचा प्रस्ताव चर्चा पानावर ठेवा. लपवलं तर भानगड. म्हणून आधी सरळ विचारायचं. त्याचा तयार साचा आहे, मी तो त्या खात्याच्या चर्चा पानावर लावला आणि खाली एक साधं वाक्य लिहिलं की काही संबंध असेल तर सांगा, मदत करू. उत्तर आलं, मी फक्त फॅन आहे. बरं. फॅनने त्याच आठवड्यात एका डेंटल क्लिनिकवर पण लेख लिहिला होता.

मग प्रकरण हितसंबंधांच्या नोटीसबोर्डवर टाकलं, अशा तक्रारी तिथेच मांडतात. तिथे दुसऱ्या एका संपादकाने दाखवून दिलं की उपशीर्षकांचा हाच क्रम, हीच स्वल्पविरामाची कसरत आणखी दोन खात्यांवर आहे. तिथून सॉकपपेट तपासणी, म्हणजे एकच माणूस अनेक खाती चालवतोय का ते बघणं. इथे नुसता संशय चालत नाही, डिफ (एका संपादनात नेमकं काय बदललं ते दाखवणारे दुवे) द्यावे लागतात, कुठल्या संपादनात काय सारखं ते समोरासमोर मांडावं लागतं, तरच चेकयुजर, म्हणजे खात्यांची तांत्रिक माहिती बघायचा अधिकार असलेले मोजके सदस्य, आयपी वगैरे बघतात, उगाच गळ टाकून बसायला ते तयार नसतात. त्यांच्याकडचा डेटा 90 दिवसच राहतो, त्यामुळे एक खातं जुनं निघालं, ते फक्त वागण्यावरून जोडावं लागलं.

दरम्यान मला एका फ्रीलान्स साइटवर याच सदस्यनावाची जाहिरात सापडली, विकिपीडिया पेज करून मिळेल, खाली रेट. हात शिवशिवत होते पण ती लिंक विकिवर टाकायची नाही म्हणजे नाही, कुणाची बाहेरची ओळख उघड केली तर आपणच ब्लॉक होतो. अशा पुराव्यासाठी वेगळा ईमेल आहे, मोजक्याच लोकांना दिसतो. तिकडे पाठवून गप्प बसलो. शेवटी खाती ब्लॉक झाली, जाहिरातीमुळे की डिफमुळे ते मी विचारलंही नाही.

लेखाचं काय, तर ते वेगळं प्रकरण. खातं ब्लॉक झालं म्हणून लेख आपोआप जात नाही, माणूस खरंच उल्लेखनीय असू शकतो ना. वगळण्याची चर्चा आठवडाभर चालली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे खुद्द साहेब अवतरले. नवीन खातं, सगळी कॅपिटल अक्षरं, ‘मी पूर्ण पेमेंट केलेलं आहे, पेज काढायचा तुम्हाला अधिकार काय’. इतका वेळ आम्ही पुरावे जमवत होतो आणि हा माणूस येऊन पावतीच देऊन गेला. हसू आलं खरं, पण वाईटही वाटलं. त्याला कुणीतरी विकिपीडियावरची जागा विकली होती, फ्लॅट विकावा तशी, आणि जागा विकणाऱ्याची नव्हतीच. 2015 मध्ये ऑरेंजमूडी नावाच्या पेड लेखांच्या प्रकरणात 381 खाती ब्लॉक झाली तेव्हा तर याहून वाईट उघड झालं होतं, नाकारलेले मसुदे शोधून त्याच लोकांकडे पैसे मागायचे, आणि लेख झाल्यावर तो ‘सांभाळायचे’ परत वेगळे.

मी साहेबांना लिहिलं की इथे लेखासाठी कुणालाच पैसे लागत नाहीत, ज्याला दिलेत त्याच्याकडे मागा, आणि तुमच्याबद्दल कुणी स्वतंत्रपणे सविस्तर लिहिलेलं असेल तर दाखवा. परत आले नाहीत. लेख वगळला गेला. तोच मजकूर मशीनने भाषांतर करून मराठी विकिपीडियावरही टाकलेला होता, तिकडे चावडीवर, म्हणजे तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावर, कळवलं, एका प्रचालकाने (अ‍ॅडमिनने) काढला. मराठीत स्थानिक चेकयुजर नाहीत, तपासणी हवी असली तर मेटावर, म्हणजे सगळ्या विकिंच्या सामाईक साइटवर, स्टुअर्डांना (सगळ्या विकिंवर अधिकार असलेल्या सदस्यांना) विनंती करावी लागते, आणि लक्ष ठेवणारी माणसं मोजकी, त्यामुळे तिथे असले लेख जास्त दिवस टिकतात.

महिन्याभराने इंग्रजीत लेख परत आला, नव्या खात्यावरून, आडनावाचं स्पेलिंग बदलून. तो उडाला आणि दोन्ही शीर्षकांना कुलूप लागलं. सध्या मधे वडिलांचं नाव घातलेला मसुदा रांगेत आहे. स्टुडिओतला फोटो तोच, डिफ गोळा करतोय.