बोनच्या द्राक्षमळ्यांत बिस्त्रोत जेवायला जाणाऱ्यांसाठी

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, बोन या गावात आणि त्याच्या दक्षिणेकडच्या द्राक्षमळ्यांत आम्ही सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस काढले. आम्ही म्हणजे मी आणि जर्मनीत बारा वर्षे राहिलेली माझी थोरली बहीण. ताई शाकाहारी आहे, पण अंडी आणि चीज खाते, मी सर्व काही खाते, आणि वाईन आम्ही दोघीही घेतो. आधीचे दोन दिवस त्याच प्रांतातल्या दिजों शहरात अतिशय सुखात गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे विशेष काही नाही. हा वृत्तांत लिहिण्याचे कारण बोनमध्ये गुरुवारी संध्याकाळी आमच्या हाती आलेले १५५ युरोंचे बिल हे आहे. ज्या जेवणाचा आमचा अंदाज ७२ युरोंचा होता, त्याचे ते बिल होते. बिस्त्रो म्हणजे साधी, घरगुती, स्वस्त खाणावळ, आणि वाईनच्या गावात वाईन तरी स्वस्त असणारच, या दोन समजुती मनात धरून आम्ही गेलो होतो आणि या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

त्या बिलाची सुरुवात खरे तर दुपारीच झाली. बोनहून सांतनेपर्यंत द्राक्षमळ्यांतून जाणारा सुमारे बावीस किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यातला पोमार, व्होल्ने आणि मेर्सो या गावांपर्यंतचा भाग करून मेर्सोमध्ये जेवायचे, असा आमचा बेत होता. अंतर किरकोळ आहे आणि ज्याला सायकलची सवय आहे त्याला गिअरच्या साध्या सायकलवरही ते सहज जमते, मात्र पोमार सोडल्यावर व्होल्नेकडे जाताना लागणारा चढ उन्हात चांगलाच दमवतो. द्राक्षतोडणीचा हंगाम सुरू असल्यामुळे त्याच अरुंद वाटेवरून ट्रॅक्टर येत होते आणि प्रत्येक वेळी सायकल कडेला घेऊन उभे राहावे लागत होते. मळ्यांकडे बघण्यातही वेळ गेला, हे मान्य करते. नाशिकच्या बाजूला मांडवावर चढवलेल्या द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला कमरेएवढ्या उंचीच्या आणि जेमतेम मीटरभर अंतरावर लावलेल्या या वेलींच्या ओळी पाहून थांबावेसे वाटतेच. मेर्सोला पोहोचलो तेव्हा दुपारचे १ वाजून ४० मिनिटे झाली होती. ज्या बिस्त्रोवर मनात खूण करून ठेवली होती, तिथे निम्मी टेबले अजून जेवत होती, पण दारातल्या बाईंनी शांतपणे सांगितले की स्वयंपाकघराने नव्या मागण्या घेणे थांबवले आहे. दुसऱ्या ठिकाणीही तेच उत्तर मिळाले.

पुढे जाणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. फ्रान्सच्या लहान गावांत दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळात असते, आणि दोन याचा अर्थ दोन वाजता येऊन बसता येईल असा नसून तोवर शेवटची ताटे बाहेर पडलेली असतील असा असतो. रात्रीचे जेवण सातच्या आधी जवळजवळ कुठेच मिळत नाही. मधल्या पाच तासांत कॉफी, बिअर आणि फार तर एखादा सँडविच मिळू शकतो, तोही गावात बेकरी उघडी असेल तर. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरीच ठिकाणे बंद असतात. तेव्हा साडेबाराला टेबलावर असायचे आणि त्या हिशेबाने सकाळी निघायचे. आम्ही साडेअकराला निघालो, ती आमची चूक होती.

दिवसभरात एक सफरचंद आणि थोडी बिस्किटे खाऊन आम्ही संध्याकाळी बोनमध्ये परतलो. पाय दुखत होते, भूक अनावर झाली होती, आणि अशा अवस्थेत माणूस चौकशी करत नाही. मुख्य चौकाजवळ फुटपाथवर टेबले मांडलेल्या एका बिस्त्रोच्या दारात काळ्या पाटीवर खडूने लिहिले होते की तीन पदार्थांचे जेवण ३२ युरो. बाहेरचा दर वाचून आम्ही आत गेलो. त्या जागेचे नाव इथे देत नाही, कारण तिथे जे झाले ते त्या परिसरात कुठेही होऊ शकते आणि त्यात बेकायदेशीर असे काही होते, असे मी म्हणू शकत नाही.

वेटर अतिशय हसतमुख होता. बसताक्षणी त्याने विचारले, कीर घेणार का? पांढऱ्या अलिगोते वाईनमध्ये काळ्या बेदाण्यासारख्या कासिस फळाचे गोड मद्य मिसळून केलेले हे पेय याच प्रांताचे, आणि दिजोंचे एकेकाळचे महापौर फेलिक्स कीर यांच्या नावाने ते ओळखले जाते, हे आम्हांला दिजोंमध्येच कळले होते. आम्ही हो म्हटले. मग त्याने विचारले, पाणी साधे की बुडबुड्यांचे? आम्ही साधे म्हटले आणि त्याने काचेची सीलबंद बाटली आणून उघडली. पुढे ती संपल्यावर न विचारता दुसरी उघडली. पहिला पदार्थ सांगितल्यावर तो म्हणाला की याच्याबरोबर मेर्सो फार सुंदर लागते, पेल्याने देतो. आम्ही त्याच गावातून सायकलवर आलो होतो, त्यामुळे आम्हांला आनंदच झाला. मांसाच्या पदार्थाबरोबर त्याने माझ्यासाठी लाल वाईन सुचवली. या सगळ्या संभाषणात वाईनची यादी आमच्या हातात एकदाही आली नाही आणि आम्ही ती मागितली नाही.

बिल बशीत ठेवून आले. कागद लहानसा होता आणि त्यावरची जांभळट शाई फिकी होती. ताईने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. पाटीवरचे जेवण ३२ युरो. त्यातल्या वाईनमध्ये शिजवलेल्या गोमांसाच्या पदार्थासाठी वाढीव ६ युरो, ज्याचा उल्लेख पाटीवर खाली बारीक अक्षरात होता, हे आम्ही नंतर बाहेर जाऊन पाहिले. ताईचे बकरीच्या चीजचे सॅलड १७ आणि चीजच्या फुगीर गुजेर ९. दोन कीर १५. पाण्याच्या दोन बाटल्या १३. मेर्सोचे दोन पेले ४४ आणि लाल वाईनचा एक पेला १९.

“अगं, तीन पेल्यांचे ६३ युरो?” ताई इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवली.

एक पेला १२ सेंटीलीटरचा, म्हणजे एका बाटलीत सहा पेले. २२ युरो पेल्याच्या दराने ती बाटली १३२ युरोंना पडते. त्याच उत्पादकाची, तेच नाव आणि तेच साल असलेली बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गल्ल्या सोडून असलेल्या वाईनच्या दुकानात ५८ युरोंना होती. हॉटेलने काही पट आकारावेत हे मला समजते, जागा, नोकर, पेले, सगळ्याचाच खर्च असतो. पण किंमत न सांगता सुचवायचे आणि यादी लांब ठेवायची, या पद्धतीला मी फसवणूकच म्हणेन, कायदा काहीही म्हणो. आणि हे इथे सर्वांत सहज घडते, कारण बर्गंडीत गावाचे नाव आणि मळ्याचे नाव यांवर किंमत ठरते. साधी बर्गंडी, गावाच्या नावाची, पहिल्या दर्जाच्या मळ्याची म्हणजे प्रम्ये क्रू, आणि ज्या मळ्यांची संख्या अवघी ३३ आहे ती ग्रां क्रू, असा चढता क्रम आहे. ‘मेर्सो’ हा एकच शब्द ऐकून यातली कोणती पायरी समोर येणार आहे, हे कळत नाही.

शेवटी कार्डाचे यंत्र पुढे आले. त्याच्या पडद्यावर टिप किती द्यायची, याचे तीन आकडे होते. थकव्याने मी दहा टक्क्यांवर बोट ठेवले आणि आणखी साडेपंधरा युरो गेले. या साडेपंधरा युरोंचे मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाईट वाटते, कारण फ्रान्समध्ये मेन्यूवर छापलेल्या किमतीत कर आणि सेवेचा आकार दोन्ही कायद्यानेच धरलेले असतात. वर काही देणे हा केवळ आपल्या खुशीचा भाग आहे. मन भरले तर एक-दोन युरोंची नाणी टेबलावर ठेवावीत, यंत्राला ‘नाही’ म्हणावे आणि ते म्हणताना मुळीच संकोच करू नये.

पाण्याचेही तसेच. नळाचे पाणी फुकट मागण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. २०२० च्या कचराविरोधी कायद्यानंतर तर ते फुकट मिळते, हे मेन्यूवर किंवा दर्शनी जागी लिहिणेही हॉटेलांना बंधनकारक झाले आहे. बसल्याबरोबर, वेटरने काही विचारण्याआधी, ‘युन काराफ दो, सिल व्हू प्ले’ एवढे म्हणावे. सुरई येते. पावही जेवणाबरोबर फुकटच असतो. वाईनबद्दल माझा सल्ला याहूनही कडक आहे. तोंडी सुचवलेली कोणतीही वाईन, ती कितीही प्रेमाने सुचवलेली असो, यादीवर बोट ठेवून आकडा पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. यादीला ‘ला कार्त दे व्हां’ म्हणतात. पेल्याने घेण्यापेक्षा पाव लिटरची सुरई दोघांत घेतली तर बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते.

शुक्रवारी आम्ही हे सर्व काटेकोरपणे पाळले. तोच रस्ता, तीच सायकल, पण निघालो साडेनऊला. व्होल्नेचा चढ सकाळच्या थंडीत जाणवलाही नाही आणि सव्वाबाराला मेर्सोच्या पुढच्या एका लहान गावातल्या बिस्त्रोत टेबल मिळाले, कारण आदल्या रात्री ताईने फोन करून ते राखून ठेवले होते. आत मळ्यांत काम करणारे लोक जेवत होते. आत शिरताना सर्वांना ऐकू जाईल असे ‘बोंजूर’ म्हणावे आणि कोणी बसवेपर्यंत दाराशी थांबावे, हे ताईने मला शिकवले होते, आणि त्याने माणसांच्या वागण्यात फरक पडतो, हे मी स्वतः पाहिले.

दोन पदार्थांचे दुपारचे जेवण २४ युरोंना होते. इथे एक घोटाळा टाळावा. फ्रान्समध्ये ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थाला ‘प्ला’ म्हणतात. दुपारी पाटीवरच्या ठरलेल्या जोडीला ‘फॉर्म्युल’ म्हणतात, आणि तीच घ्यावी. सुरुवातीला मी म्यरेत मागवले, म्हणजे लाल वाईनच्या रश्श्यातली कवच काढून उकडलेली अंडी. खोलगट पांढऱ्या ताटलीत जवळजवळ काळा दिसणारा दाट रस्सा होता, त्यात बारीक कांदे, अळिंबी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे होते. दोन अंड्यांपैकी एकाला सुरीचे टोक लावताच पिवळा बलक त्या काळ्या रश्श्यावर हळूहळू पसरत कडेपर्यंत गेला. रस्सा आंबूस, किंचित गोड आणि अगदी शेवटी मिरपुडीचा होता. पावाच्या तुकड्याने ताटली पुसून स्वच्छ केली, आणि तिथले सगळेच तसे करत होते. आदल्या रात्रीची सारी कटुता त्या ताटलीने धुऊन टाकली, आणि हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते आहे. तिथे जाऊन दुसरे काही खाल्ले नाही तरी चालेल, म्यरेत मात्र खाच.

शाकाहारी मंडळींसाठी मात्र स्पष्ट सांगते की हा प्रांत अवघड आहे. म्यरेतमध्ये मांसाचे तुकडे असतातच. सॅलडवरही ते न सांगता पेरलेले असतात. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर मासे चालतील का, असे दोनदा विचारले गेले. म्हणून नुसते ‘व्हेजेतारियां’ म्हणून थांबू नये, मांस नको, मासे नकोत आणि डुकराचे तुकडेही नकोत, असे तिन्ही वेगवेगळे सांगावे, आणि तेही टेबल राखतानाच. ताईने फोनवर तसे सांगितले होते, त्यामुळे तिच्यासाठी स्वयंपाकघराने तीच अंडी एप्वास नावाच्या उग्र वासाच्या स्थानिक चीजच्या सायीत करून दिली. अंडे न खाणाऱ्यांचे या गावांत काय होईल, या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, त्यांनी बोनच्या शनिवारच्या बाजारातून चीज, पाव आणि फळे घेऊन मळ्याच्या कडेला बसून खावे. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण वापरलेले असते, हेही कडक शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

त्या दिवशीचे बिल ६० युरो झाले. दोन जेवणे ४८, अलिगोतेचे दोन पेले १२, पाणी फुकट. अलिगोते ही मेर्सोसारखी भारदस्त वाईन नाही, पण थंड, आंबट आणि भर दुपारी नेमकी हवी तशी असते. एकच पेला घ्या. परत सायकल चालवायची आहे, आणि रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम मद्याची फ्रान्समधली मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

बोनमध्ये १४४३ साली निकोला रोलँ याने गरिबांसाठी उभारलेले रुग्णालय आहे, त्याचे रंगीत कौलांचे छप्पर आम्ही शनिवारी पाहिले आणि ते सुंदरच आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्या संस्थेच्या वाईनचा लिलाव होतो, आणि त्या आठवड्यात गावात टेबल किंवा खोली मिळेल, या भरवशावर जाऊ नये. बाकी महिन्यांत जाणाऱ्यांनी पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून दिजोंला आणि तिथून स्थानिक रेल्वेने बोनला यावे, सायकल गावातच भाड्याने घ्यावी, पहिल्याच रात्री दुसऱ्या दिवसाच्या दुपारचे टेबल फोनवर राखावे, आणि मुख्य चौकाभोवती संध्याकाळी रिकाम्या पोटी फिरू नये. शनिवारी दुपारी आम्ही स्थानकावरच्या बाकावर बसून बाजारातला पाव आणि उरलेले चीज खाल्ले, त्याला दोघींत मिळून ११ युरो लागले.