आमची वाटचाल : मूळ प्रतीला धक्का न लावता

पाहणी-अहवालांत आणि यंत्रसामग्रीच्या सूचींत जाणारे डिजिटल फोटो लहान करून देणे हा आमचा व्यवसाय. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो देतो आणि अहवालाच्या पानावर तो जेमतेम अर्धे पान व्यापतो, तरी शेकडो फोटो तसेच जडच्या जड फिरत राहतात. मेलने पाठवताना अटॅचमेंटचे बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, रूपांतर होऊन वजन आणखी सुमारे एक तृतीयांशाने वाढते, हे पाठवणाऱ्याच्या गावीही नसते.

आम्ही सुरुवात केली ती इमेजमॅजिक या प्रतिमा-संस्करणाच्या सॉफ्टवेअरच्या जोरावर. जॉन क्रिस्टी यांनी ड्युपॉन्टमध्ये असताना १९८७ मध्ये लिहायला घेतलेले हे साधन १९९० पासून सर्वांना मोफत मिळत आले आहे, आणि एका कमांडमध्ये अख्खे फोल्डर हातावेगळे करण्याची त्याची ताकद मी आजही कौतुकाने पाहतो. त्यातील मॉग्रिफाय ही कमांड मात्र, वेगळे फोल्डर सांगितले नाही तर, मूळ फाइलवरच नवी फाइल लिहिते. म्हणून आलेले फोटो प्रथम वेगळ्या डिस्कवर उतरवून ‘केवळ वाचन’ अवस्थेत ठेवायचे आणि काम नेहमी प्रतीवर करायचे, हा दंडक आम्ही पहिल्या कामापासून पाळला.

पुढची काही वर्षे काम वाढत गेले आणि ठीक चालले. मग एक प्रतिस्पर्धी संस्था उभी राहिली. ‘फाइल दहापट लहान, तीही त्याच दिवशी’ असे तिचे आश्वासन होते, आणि आमच्या फाइली विनाकारण जड असतात असे ती आमच्याच ग्राहकांना सांगत फिरत होती. आमचा सर्वांत मोठा ग्राहक तिकडे गेला, त्याच्यामागून आणखी काही गेले, आणि एक वेळ अशी आली की पगार उशिरा होऊ लागले व निम्मी यंत्रे बंद ठेवावी लागली.

ती संस्था पिक्सेल कमी करीतच नव्हती. जेपेग या फोटो साठवण्याच्या प्रकारातील क्वालिटीचा आकडा तळाला नेऊन फाइल हलकी करीत होती. जेपेग प्रतिमेचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील उजेडाचे व रंगाचे बारीक चढउतार आधी टाकून देते. आभाळ किंवा सपाट भिंत यातून निभावते, पण काँक्रीटमधली केसाएवढी भेग म्हणजे नेमका तो बारीक चढउतार असतो. याउलट लांब बाजू ६००० वरून १६०० पिक्सेलवर आणली की पिक्सेलची संख्या चौदाव्या हिश्श्यावर येते, क्वालिटी चांगली ठेवता येते, आणि इंचाला ३०० पिक्सेलच्या छपाईत साडेतेरा सेंटिमीटर रुंदीचा स्वच्छ फोटो मिळतो. हे सांगून आम्ही थकलो. ऐकणारे थोडे होते.

त्या दिवसांत एक ग्राहक हलल्या नाहीत. इमारतींची संरचनात्मक तपासणी करणाऱ्या या अभियंता बाई प्रत्येक भेगेशेजारी रुंदी मोजण्याची पट्टी धरूनच फोटो काढीत, आणि ‘लहान केल्यावरही पट्टीवरच्या रेघा वाचता आल्या पाहिजेत’ एवढी एकच अट घालीत. जिथे १६०० पिक्सेलमध्ये रेघा टिकत नसत तिथे आम्ही भेगेभोवतीचा भाग कापून वेगळा देत असू. त्या फोटोवर लाल बाण काढून देत, तेव्हा बाणांच्या कडा फुटू नयेत म्हणून रंगांची माहिती चौथ्या हिश्श्यावर आणणारी जेपेगची ४:२:० ही मांडणी टाळून आम्ही ती पूर्ण ठेवणारी ४:४:४ वापरू लागलो. आमची कार्यपद्धती घडली ती त्यांच्या या काटेकोरपणामुळे, आणि संस्था तगली तीही त्यांनी सातत्याने दिलेल्या कामामुळे.

यथावकाश तो मोठा ग्राहक परत आला, तो बिघडलेल्या फाइली घेऊन. प्रतिस्पर्ध्याने मूळ फोटोंवरच लहान फोटो लिहिले होते. जेपेगने टाकून दिलेला तपशील कोणत्याही साधनाने परत येत नाही. जागेवरच्या लोकांच्या मेमरी कार्डांतून मिळाले तेवढे फोटो आम्ही गोळा केले आणि अहवाल नव्याने उभा केला. त्या अहवालात छायाचित्रांच्या श्रेयापुढे नाव मात्र छापले गेले ते त्याच संस्थेचे. दुरुस्तीसाठी आम्ही पत्रे पाठवली. उत्तर आले नाही, आणि ती बोच अजून गेलेली नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी जे स्वतः फोटो लहान करतात त्यांना काही सांगावेसे वाटते. अहवालाच्या फाइलमध्ये फोटोचा कोपरा ओढला की तो लहान दिसतो, पण आतले पिक्सेल तेवढेच राहतात. म्हणून आकार आधी कमी करावा आणि मग फोटो पानावर बसवावा. नुसता डीपीआयचा, म्हणजे छपाईत इंचाला किती ठिपके हे सांगणारा, आकडा बदलल्याने वजन घटत नाही. क्वालिटीचा ८० हा आकडा टक्केवारी नसून प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्याचा अर्थ वेगळा असतो, तेव्हा एका प्रोग्रॅमचा आकडा दुसऱ्यात वापरू नये. एकदा लहान केलेला जेपेग उघडून पुन्हा लहान करू नये. दुसरा आकार हवा असल्यास मूळ प्रतीकडे जावे. फोटोतील एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फाइलमध्येच नोंदवलेली तारीख, वेळ, फोटोची दिशा वगैरे) सरसकट पुसण्यापूर्वी फोटो आधी सरळ करून घ्यावा, नाहीतर उभे काढलेले फोटो आडवे होतात. आणि तपासणीच्या कामात फोटो काढल्याची तारीख व वेळ याच माहितीत असते, ती मूळ प्रतीत शाबूत असल्याची खात्री करूनच लहान प्रत बाहेर पाठवावी.