सस्पेंडमधला हँग आणि वाटून घेतलेली आयआरक्यू लाइन

लॅपटॉप कधी नीट झोपायचा, कधी पडदा काळा होऊन तसाच अडकायचा. लिनक्स, एक्स८६ प्रोसेसर, एस३ झोप (सस्पेंड: मेमरी जागी, बाकी जवळजवळ सगळं बंद), आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा कोड) मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नसलेला, वेगळा कंपाइल करून घातलेला. अडकल्यावर पंखा फिरत होता आणि पॉवरचा दिवा स्थिर होता. म्हणजे मशीन झोपेपर्यंत पोचलंच नव्हतं. रिझ्यूमकडे, म्हणजे जागं होण्याकडे, बघायची गरज नव्हती.

सुरुवात /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट पासून केली, म्हणजे सस्पेंड टप्प्याटप्प्याने तपासायच्या कर्नलच्या सोयीपासून. यात फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स आणि कोअर अशा पायऱ्या असतात. जी लिहाल तिथपर्यंत कर्नल सस्पेंड करतो, ५ सेकंद थांबतो आणि परत येतो. फ्रीझर आणि डिव्हाइसेस दर वेळी पार. प्लॅटफॉर्मला अधूनमधून हँग. इथे बहुतेकजण बायॉसला दोष देऊन मोकळे होतात. पण ‘डिव्हाइसेस’ चाचणी ड्रायव्हरांच्या साध्या सस्पेंड कॉलबॅकनंतर (झोपताना कर्नल बोलावतो त्या ड्रायव्हरमधल्या फंक्शननंतर) लगेच थांबते. त्यापुढचे लेट आणि नोआयआरक्यू (आयआरक्यू, म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेली इंटरप्टची हाक, बंद करून चालणारा) हे दोन्ही टप्पे ‘प्लॅटफॉर्म’च्या खात्यात जमा होतात, आणि त्यांत ड्रायव्हरच असतात.

मग पीएम_ट्रेस. हा पर्याय चालू केला की कर्नल प्रत्येक पावलाला एक हॅश (त्या पावलाची खूण असलेला आकडा) आरटीसीच्या, म्हणजे मशीन बंद असतानाही चालणाऱ्या, घड्याळात लिहून ठेवतो. रीबूटनंतर साधारण ३ मिनिटांत मशीन वर यावं लागतं, नाहीतर घड्याळ पुढे सरकून तो आकडा बिघडतो. तारीख-वेळ अर्थातच वेडीवाकडी होते, ती नंतर दुरुस्त करायची. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘हॅश मॅचेस’च्या ओळीत साउंड कार्ड आलं. त्याचा ड्रायव्हर अनबाइंड केला (कार्डापासून सोडवला), तरी हँग कायम. आता नाव दुसऱ्याच डिव्हाइसचं. ट्रेस खोटं बोलत नव्हता. शेवटी कोणाला हात लागला एवढंच तो सांगतो, आणि अडकणं त्या डिव्हाइसच्या कॉलबॅकबाहेर असेल तर ते नाव निरुपयोगी. डीपीएम वॉचडॉगही याच कारणाने गप्प होता. तो फक्त कॉलबॅकवर नजर ठेवतो.

खरा पुरावा हार्ड लॉकअप डिटेक्टरने (इंटरप्टही न घेता अडकलेला सीपीयू पकडणाऱ्या कर्नलच्या सोयीने) दिला. बूट ओळीत नो_कन्सोल_सस्पेंड, एनएमआय_वॉचडॉग=पॅनिक,१ आणि पॅनिक=१० घातलं, हार्डलॉकअप_ऑल_सीपीयू_बॅकट्रेस १ केलं आणि पीस्टोअरला (क्रॅशचा लॉग रीबूटनंतरही टिकवणाऱ्या सोयीला) फर्मवेअरच्या ईएफआय व्हेरिएबलमध्ये लिहायला लावलं. लॉग नेटवर्कवरून पाठवणाऱ्या नेटकन्सोलचा उपयोग नाही, नेटवर्क तोवर झोपलेलं असतं. हँग झाल्यावर बटणाला हात न लावता वाट बघायची: डिटेक्टरचा उंबरठा १० सेकंदांचा असतो, प्रत्यक्षात २० पर्यंत लागतात.

बॅकट्रेसमध्ये (कुठला सीपीयू कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्या यादीत) एक सीपीयू नेटवर्क ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, फिरत होता. दुसरा सस्पेंड_डिव्हाइस_आयआरक्यूज मधून सिंक्रोनाइझ_आयआरक्यू मध्ये, त्याच हँडलरची वाट बघत. /प्रोक/इंटरप्ट्स मध्ये त्या ओळीवर दोन नावं होती, नेटवर्क कार्ड आणि एसएमबस कंट्रोलर (मदरबोर्डवरच्या छोट्या चिपांशी बोलणारा). एमएसआय (पिनेऐवजी संदेशाने येणारा, न वाटलेला इंटरप्ट) नव्हतं, जुनी पिन असलेली लाइन दोघांत वाटलेली.

ड्रायव्हर आपल्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये स्वतःच पीसीआय_सेट_पॉवर_स्टेट करून कार्डाला डी३हॉटमध्ये, म्हणजे झोपेच्या अवस्थेत, टाकत होता. आयआरक्यू मात्र लेट टप्पा संपेपर्यंत चालूच असतात. त्या मधल्या फटीत एसएमबसचा इंटरप्ट आला की लाइनवरचे दोन्ही हँडलर चालतात. डी३हॉटमधल्या कार्डाचं स्टेटस रजिस्टर (स्थिती सांगणारा आकडा) वाचलं की सगळे ३२ बिट १ येतात. हँडलरमध्ये ‘स्टेटसचा एकही बिट उभा असेल तर पुन्हा फिर’ असा व्हाइल लूप. तो संपणार कसा?

‘डिव्हाइसेस’ चाचणी का पार व्हायची, हा यातला सगळ्यात फसवा भाग. तिथेही हँडलर अडकत असणारच, पण ५ सेकंदांनी दुसऱ्या सीपीयूवर रिझ्यूम सुरू होतं, कार्ड डी०मध्ये येतं (पूर्ण जागं होतं), रजिस्टर खरी किंमत देतं आणि लूप सुटतो. ५ सेकंद हे लॉकअपच्या उंबरठ्याच्या आत, म्हणून लॉगमध्ये एक अक्षरही नाही. पूर्ण सस्पेंडमध्ये मात्र सिंक्रोनाइझ_आयआरक्यू पुढे जाऊच देत नाही.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. सस्पेंड कॉलबॅकमध्ये आधी कार्डाचे इंटरप्ट मास्क (बंद) करून सिंक्रोनाइझ_आयआरक्यू बोलावलं. पॉवर स्टेट आणि सेव्ह स्टेटचे कॉल काढून टाकले. ते काम नोआयआरक्यू टप्प्यात कर्नलचा पीसीआय कोअर करतो. आणि हँडलरमध्ये स्टेटस सगळे १ असेल तर लगेच आयआरक्यू_नन (‘हा इंटरप्ट माझा नाही’) परत. यातलं शेवटचं एकटंसुद्धा हँग थांबवतं, पण तेवढ्यावर भागवणं म्हणजे झोपलेल्या कार्डाला हात लावत राहणं. हीच तपासणी थंडरबोल्टवरून उपटलेल्या कार्डालाही उपयोगी, तिथेही वाचलं की सगळे १ येतात.

पडताळणीसाठी एसएमबसवर आय२सीडिटेक्ट (बसवरच्या चिपा शोधणारी आज्ञा) सतत चालवून उपयोग नाही, यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे सगळे प्रोग्राम) आधीच गोठलेलं असतं. म्हणून नेटवर्क कार्डाचा कॉलबॅक संपल्यावर त्याच आयआरक्यूवर मुद्दाम इंटरप्ट उभा करणारा छोटा मॉड्यूल लिहिला आणि आरटीसीवेक -एम मेम -एस ३० (झोपवून ३० सेकंदांनी उठवणारी आज्ञा) लूपमध्ये रात्रभर चालू ठेवला. जुना ड्रायव्हर पहिल्याच फेरीत अडकायचा, नवा सकाळी चालू सापडला.